सगळं इथेनॉलच्या नावावर

गेल्या वर्षभरात इथेनॉलमुळे बिघडल्या म्हणून माझ्या गॅरेजमध्ये ज्या वस्तू आल्या, त्यांत एक हॉर्न, एक आरसा आणि एक सीट कव्हर आहे. हॉर्नवाले गृहस्थ म्हणाले, "मिस्त्री, इथेनॉल आल्यापासून पहिल्यासारखा वाजत नाही." मी म्हटलं, हॉर्न बॅटरीवर वाजतो, पेट्रोलवर नाही. ते म्हणाले, "बॅटरी कशावर चार्ज होते? इंजिनावर. आणि इंजिन कशावर चालतं?" या न्यायाने त्यांच्या घरातला पंखाही इथेनॉलमुळेच हळू फिरत असणार, पण गिऱ्हाइकाशी वाद घालू नये. मी हॉर्नच्या वायरीची टोकं पॉलिश पेपरने घासली, परत बसवली, हॉर्न वाजला. "बघा, निघालं की नाही इथेनॉल!" असं म्हणून ते समाधानाने गेले.

वसईत सातिवली आणि एव्हरशाईन सिटी यांच्या मधल्या रस्त्यावर माझा दुचाकी दुरुस्तीचा गाळा आहे. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला सोसायट्या. कारखान्याकडच्या गाड्या धावून धावून बिघडतात, सोसायटीतल्या उभ्या राहून. वडील केळीची आणि पानाची वाडी करायचे. वाडीतल्या पाण्याच्या इंजिनावर मी हात काळे करून घेतले, ते परत कधी गोरे झाले नाहीत. गॅरेज कसं काढलं, भांडवल कुठून आणलं ही कहाणी मी सांगत बसत नाही. ती माझ्या बायकोलासुद्धा आता ऐकवत नाही.

आधी हे इथेनॉल म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याला शिव्या देणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते माहीत नसतं. इथेनॉल म्हणजे स्पिरिट. उसाच्या मळीपासून, धान्यापासून काढतात. हल्ली पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात शंभरातले वीस भाग हे असतं. त्यामुळे बाहेरून तेल कमी आणावं लागतं, ऊसवाल्याला भाव मिळतो, धूर कमी होतो असं सांगतात, आणि त्यात तथ्य असेल. पण मी गॅरेजवाला आहे. माझ्यापर्यंत जे येतं ते टाकीच्या तळाचं येतं.

पेट्रोल आणि पाणी यांचं पूर्वी अजिबात पटत नसे. टाकीत चुकून पाणी गेलं तर ते तळाला गुमान पडून राही. इथेनॉलचं मात्र पाण्यावर फार प्रेम. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, पाण्याला हाताला धरून पेट्रोलमध्ये आणतं आणि बराच काळ सगळं गुण्यागोविंदाने चालतं. मग एक दिवस पाणी जास्त होतं, आणि इथेनॉल पेट्रोलचा हात सोडून पाण्याबरोबर खाली जाऊन बसतं. वर राहतं हलकं पेट्रोल, खाली पाणी आणि स्पिरिट. इंजिनाला खालचं मिळालं की ते फुरफुरतं आणि मरतं. आमच्या वसईत पावसाळ्यात आगपेटीतली काडी पेटत नाही इतकी हवा ओली, तेव्हा तळाला काय होत असेल ते ओळखा.

दुसरी खोड रबराची. जुन्या गाड्यांचे पाइप, वायसर, कार्बोरेटरमधली रबरं या स्पिरिटसाठी केलेलीच नव्हती. ती आधी फुगतात, मग मऊ होतात, मग तडकतात. कार्बोरेटरच्या आत पांढरी पूड धरते, बारीक भोकं बुजतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे स्पिरिटमध्ये पेट्रोलएवढा जोर नाही, त्यामुळे लिटरमागे गाडी थोडी कमी पळते. थोडी म्हणजे किती, हे मला विचारू नका. ज्याने त्याने आधी आपल्या टायरमधली हवा बघावी. अलीकडच्या गाड्या याच पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत, त्यांना भिण्याचं कारण नाही. जुन्यांचे मात्र खरोखर हाल आहेत, आणि मी स्वतः जुना असल्याने त्यांची बाजू घेतो.

एव्हरशाईनमधल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी देसाई यांनी या विषयात मोठं संशोधन केलं. ते एक दिवस काचेची बाटली घेऊन आले. अर्धं पेट्रोल, थोडं पाणी, बाटलीवर पेनाने रेघ. बाटली हलवली, ठेवली, आणि पाणी रेघेच्या वर चढलं.

"मिस्त्री, बघा! पंपवाल्याने पाणी घातलंय!"

"देसाईसाहेब, पाणी तुम्ही घातलंत. पेट्रोलमधलं स्पिरिट त्या पाण्यात उतरलं, म्हणून ते फुगलं."

"म्हणजे पाणी वाढलं ना?"

"दिसायला वाढलं."

"मग झालं तर."

याचा व्हिडिओ त्यांनी सगळ्या ग्रुपवर टाकला. पुढे काही दिवस पंपावर पेट्रोल भरणाऱ्या मुलींना लोक बाटल्या दाखवून ओरडत होते. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, आम्ही फक्त नळी धरतो.

देसायांपेक्षा कामण गावचे भोईरमामा मला जास्त आवडतात. त्यांचं शेतातलं गवत कापायचं यंत्र पेट्रोलवर चालतं, त्यात पेट्रोलबरोबर ऑइल मिसळावं लागतं. उरलेलं मिश्रण त्यांनी एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंत कॅनमध्ये ठेवलं, आणि मग यंत्र जे जाम झालं ते झालंच.

मी कॅन ओतून दाखवला. मामा वाकून बघत म्हणाले, "पानी तं मी घातलाच नाय. कॅन बंद व्हता."

"हवेतून ओढलं मामा. आत स्पिरिट असतं ना."

"स्पिरिट म्हनजे?"

"दारूच म्हणा."

मामांनी कॅनचं झाकण लावलं. मग म्हणाले, "म्हनजे इंजिनाला पाजतान, आनि आमची पकडतान."

मी यंत्र उघडायला घेतलं.

आता सावंतकाकांची गोष्ट. त्यांच्यामुळेच मी लिहायला बसलो. काका मूळचे कोकणातले, मुंबईत एका ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेली. एव्हरशाईनमध्ये काका आणि काकू दोघंच राहतात, मुलगा प्रशांत विरारला. काकांची गाडी म्हणजे किकवर सुरू होणारी जुनी मोटारसायकल. तिला ते दर रविवारी पुसत, आणि पुसताना शर्टाच्या बाह्या दुमडत नसत, इतकी ती आधीच स्वच्छ असे. बाजार, दवाखाना, लग्नकार्य, सगळीकडे काका पुढे आणि काकू मागे.

जुन्या मोटारसायकलींना टाकीखाली एक नॉब असतो. तो सरळ असेल तर पेट्रोल टाकीच्या वरच्या भागातून येतं. ते संपलं की नॉब फिरवायचा, म्हणजे तळाचं राखून ठेवलेलं पेट्रोल मिळतं. त्याला रिझर्व्ह म्हणतात. पंपापर्यंत पोचता यावं म्हणून केलेली ती सोय. बहुतेक लोक रिझर्व्हवरच जगतात. सावंतकाकांनी मात्र रिझर्व्हला कधी हात लावला नव्हता. "मिस्त्री, रिझर्व्ह हे अडीनडीला असतं. रोज वापरलं तर त्याला रिझर्व्ह कशाला म्हणायचं?" त्यांच्या घरी जास्तीचा सिलिंडर असतो, जास्तीचा चष्मा असतो, आणि न्हाणीघरात पाण्याची पिंपं तर आमच्या भागात सगळ्यांकडेच असतात, कारण नळाला पाणी रोज येईल असं इथे कोणी धरून चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी काका एकटेच कामणला कोणाकडे तरी गेले होते. परत येताना गप्पांच्या नादात पेट्रोल बघायचं राहिलं आणि गाडी आचके द्यायला लागली. काकांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा नॉब रिझर्व्हवर फिरवला. गाडीने एक उचकी दिली आणि ती बंद पडली. उन्हातून ढकलत ढकलत ते माझ्याकडे आले, तेव्हा दमल्यापेक्षा अपमान झाल्यासारखे दिसत होते. थोड्या वेळाने काकूही रिक्षाने आल्या.

माझ्याकडे कैरीच्या लोणच्याची एक रिकामी बरणी आहे, पेट्रोल तपासायला मी ती वापरतो. टाकीचा तळ त्यात उतरवला. वर पिवळसर पेट्रोल, मधोमध स्वच्छ रेघ, खाली गढूळ पाणी आणि त्यात गंजाची पूड. टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. पार्किंगमध्ये पाऊस थेंबाथेंबाने आत जात होता, इथेनॉल त्याचं स्वागत करत होतं, आणि सगळं तळाला साचत होतं. वरून नवं पेट्रोल पडत राहिलं, तळाचं कोणी हलवलंच नाही.

"अडचणीला लागेल म्हणून ठेवलं होतं हो," काका म्हणाले.

काकूंनी बरणी हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "म्हणजे हे शिळं झालंय."

मी इतकी वर्षं लोकांना ओलावा, थर, वंगण असं काय काय समजावत होतो. काकूंनी एका शब्दात काम संपवलं. त्या काकांकडे वळल्या. "मी नळाला पाणी आलं की आधी पिंप उपसते. कालचं झाडांना, ताजं पिंपात. आणि तुम्ही गाडीत वर्षानुवर्षं शिळं साठवून ठेवलंत! आता महिन्यातून एकदा रिझर्व्ह लावायचं आणि तळ संपवायचा."

"मग अडीनडीला?"

"अडीनडीला ताजंच लागतं," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना शिळं पेट्रोल म्हणूनच सांगतो, आणि लोकांना लगेच कळतं. शिळा भात कोणी महिनाभर ठेवत नाही. काकांची टाकी मी धुतली, पाइप बदलला, झाकणाला नवं रबर घातलं, कार्बोरेटर साफ केला. काका नियमाने तळ संपवू लागले, आणि त्यांची गाडी माझ्याकडच्या जुन्या गाड्यांत सगळ्यांत निरोगी झाली.

म्हणूनच यंदा उन्हाळ्यात प्रशांत ती गाडी ढकलत घेऊन आला, तेव्हा मला नवल वाटलं. पुढचं मडगार्ड चेपलेलं, ब्रेकचा दांडा वाकलेला. सातिवलीच्या वळणावर काका आणि काकू गाडीवरून पडले होते. काकांना खरचटलं होतं. काकूंचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं होतं.

"बाबा म्हणतात गाडी चालता चालता बंद पडली, झटका बसला आणि तोल गेला," प्रशांत म्हणाला. "इथेनॉलमुळे म्हणतात. मिस्त्रीकाका, मला त्यांनी आता गाडी चालवू नये असं वाटतं. पण ते म्हणतात, मिस्त्री साफ करून देतील, मग काही होणार नाही. आमचं यावर भांडण झालं. आता तुम्ही काय सांगाल ते. तुमचं ते ऐकतील."

निकाल माझ्याकडे आला. मी गाडी उघडली. तळाचं पेट्रोल बरणीत घेतलं, एकच रंग, आरपार दिसत होतं. पाइप ठणठणीत, कार्बोरेटरचा जेट मोकळा, प्लगचा रंग जसा हवा तसा. सगळं परत लावून किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली आणि घड्याळासारखी चालत राहिली.

मग मी दुपारी त्या वळणावर जाऊन आलो. तिथे एका कारखान्याच्या फाटकासमोर मोठा स्पीडब्रेकर आहे, त्यावर पांढरे पट्टे आहेत, समोर चहाची टपरी आहे. टपरीवाला म्हणाला, "अंकलने स्पीड कमीच नाय केला. जसं काय ब्रेकर नव्हताच." म्हणजे गाडी बंद पडली म्हणून काका पडले नव्हते. काका पडले म्हणून गाडी बंद पडली होती.

मी पेचात पडलो. गाडीत बिघाड आहे म्हणावं, तर तो दुरुस्त करा म्हणणार आणि काका परत काकूंना मागे बसवून निघणार. पुढच्या वेळी नुसतं मनगट मोडून भागेल याची खात्री कोण देणार? आणि गाडी उत्तम आहे म्हणावं, तर घरातल्या सगळ्यांसमोर बोट काकांकडे जाणार. गाड्यांच्या बाबतीत मी कधी एवढा विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः चालत आले. बाकावर बसण्याआधी त्यांनी हाताने बाक चाचपला. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "पाणीच निघालं ना?"

बरणी समोरच होती. मी ती त्यांच्या हातात दिली. काकांनी ती काकूंसारखीच उजेडात धरली, मान थोडी वळवून बघितली. "हे काय, तळाला दिसतंय की. पाणी."

मी बरणीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. मला वाटलं म्हातारा हट्टाला पेटला आहे, आणि मला राग आला. मी म्हटलं, "काका, त्यात पाण्याचा थेंब नाही. तुम्हालाही दिसतंय."

काकांनी बरणी खाली ठेवली. "नाही दिसत हो," ते म्हणाले. "मला बरणीची कडच नीट दिसत नाही, पाणी कुठलं दिसायला? तुम्ही होय म्हणाल का ते बघत होतो."

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले होते. समोरचं मधलं तेवढं दिसत होतं, बाजूचं आणि खालचं गेलं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं. घरी त्यांनी चष्म्याचा नंबर वाढला आहे एवढंच सांगितलं होतं.

"काकूंना सांगा काका. त्या काय परक्या आहेत?"

"काय सांगू? ती मागे डोळे मिटून बसते, मिस्त्री. एवढा विश्वास. मी तिला कसं सांगू की पुढेही तसंच चाललं होतं?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला गाडी चालवायची नाही. पण आंधळा झालो म्हणून सोडली असं नको. तिचा हात माझ्यामुळे मोडला असं तिला आयुष्यभर नको वाटायला. तुम्ही सांगा, इंजिन गेलं. इथेनॉलने गेलं. दुरुस्त होत नाही."

धंद्यात मी थोडंफार इकडचं तिकडे बोललो आहे. उद्या देतो म्हणून परवा दिलेल्या गाड्यांची तर गणती नाही. पण जिवंत इंजिनाला मेलं म्हणायचं नाही, हे मी कटाक्षाने पाळलं होतं. त्या दिवशी मी प्रशांतला फोन केला आणि म्हटलं, "इंजिन गेलं. पिस्टन घासला आहे. या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत." तो म्हणाला, "इथेनॉल?" मी म्हटलं, "इथेनॉल." फोन ठेवल्यावर माझा मलाच राग आला.

याचं पुढे जे झालं ते मला आधी सुचायला हवं होतं. देसाई फोटो काढायला आले. त्यांना हवा तसा पुरावा शेवटी मिळाला होता. कोणीतरी टाकीला झेंडूचा हारही घातला. "इथेनॉलचा बळी" म्हणून तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला, शेजारी मी उभा. माझा चेहरा फार दुःखी आला आहे, असं बऱ्याच जणांनी कळवलं. भोईरमामांचं यंत्र खरोखर इथेनॉलने गेलं, त्याचा फोटो कोणी काढला नाही. या भागात इथेनॉलची जी सगळ्यांत प्रसिद्ध केस आहे, तेवढीच खोटी आहे आणि ती माझी आहे. काका मात्र रंगात आले. बागेत बाकावर बसून ते सरकारला शिव्या द्यायचे, आणि लोक आदराने ऐकायचे.

गाडी माझ्या गाळ्यातच मागच्या बाजूला ठेवली आहे. प्रशांत म्हणाला भंगारात द्या, मी बघू म्हटलं. पण गाडी उभी ठेवली की पेट्रोल शिळं होतं, हे मी जगाला सांगतो. तेव्हा मध्येच एखाद्या सकाळी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, मी तिला किक मारतो आणि थोडा वेळ चालू ठेवतो. गणपती झाल्यावर एकदा अशीच चालू केली होती आणि फडक्याने टाकी पुसत होतो. मागे वळून बघतो तर काकू उभ्या. प्लास्टर निघालं होतं, हातात पिशवी होती.

मी घाईघाईने चावीकडे हात नेला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "चालू राहू दे जरा."

आम्ही दोघं त्या मेलेल्या इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिलो. काकू बाकावर बसल्या. म्हणाल्या, "ह्यांनीच सांगायला लावलं ना तुम्हाला?"

मी गप्प बसलो. गॅरेजवाल्याला गप्प बसायची सवय नसते, त्यामुळे ते लगेच कळतं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "गेल्या दिवाळीनंतरच माझ्या लक्षात आलं. ताटातली कोशिंबीर सापडेना त्यांना. पण गाडी सोडा म्हटलं असतं तर मोडून पडले असते. म्हणून मागे बसून मीच सांगायची. अहो, हळू, मला भीती वाटते, म्हणजे ब्रेकर आला. अहो, उजवीकडे ते दुकान बघा, म्हणजे उजवीकडून रिक्षा येतेय. त्यांना वाटायचं, म्हातारी घाबरट झालीय आणि बडबडी झालीय. वाटू दे."

"त्यांना वाटतं, तुम्ही मागे डोळे मिटून बसायचात."

काकू हसल्या. मग त्यांचं हसू गेलं. बरा झालेला हात दुसऱ्या हाताने धरून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला शिंक आली."

एवढंच. शिंक आली, डोळे मिटले, आणि तेवढ्यात ब्रेकर आला. ते दोघंही आपापल्या मनात तो अपघात आपल्याच नावावर धरून बसले होते, आणि दोघांनीही एकमेकांना कळू नये म्हणून तो इथेनॉलच्या नावावर टाकला होता.  मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उगाच चेन बघितली.

थोड्या वेळाने काकूंनीच विषय काढला. "देसाई सांगत होते, तुम्ही दिवाळी अंकात इथेनॉलवर लिहिताय. आमची गाडी आहे त्यात?"

"आहे."

"कशी आहे?"

"मेलेली आहे."

"नको. खरं लिहा. नावं बदला आणि खरं लिहा. कुठेतरी ते असू दे."

"सोसायटीतले लोक ओळखतील, काकू."

"ओळखू देत. ह्यांना कोणी सांगणार नाही. तेवढी माणसं चांगली आहेत."

"आणि देसाई?"

"त्यांना खरं सांगितलं तरी ते इथेनॉलच म्हणतील."

हे पटण्यासारखं होतं. मी इंजिन बंद केलं. "पण अंक काकांच्या घरी येतो त्याचं काय?"

"अंक मीच वाचून दाखवते त्यांना. बारीक अक्षर आता अजिबात लागत नाही." काकू पिशवी घेऊन उठल्या. "तेवढं गाळून पुढे जाईन."

"आणि वाचता वाचता चुकून तोंडातून गेलं तर?"

काकू दारापाशी थांबल्या, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "शिंक आली म्हणेन."